अजिंठा, साल्हेर, सातपुडा: खान्देशातून पहिल्यांदा जाताय तर हे वाचून जा

आपल्या खान्देशातल्या माणसाला अजिंठा म्हणजे घरचंच वाटतं. जळगावहून साठेक किलोमीटर, नेरी, पहूर, वाकोद आणि मग फर्दापूर, सकाळी निघालं की दीड-दोन तासात पोचतो, पाहुणे आले की अजिंठा, शाळेची सहल निघाली की अजिंठा, नवीन लग्न झालं की पाटणादेवी करून पुढच्या रविवारी परत अजिंठाच. आणि घरचं वाटतं म्हणून आपण तिथं जरा जास्तच सैल वागतो, मोठ्यानं बोलतो, भिंतीला टेकतो, पोरं खांबाला झोंबतात तरी कोणी काही म्हणत नाही, हे मला फार खुपतं. जपान, थायलंड, श्रीलंकेहून लोक तिथं देवळात यावं तसे येतात, शांत बसतात. आपण सगळ्यात जवळचे, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा जाणारे पण आपणच, मग सगळ्यात जास्त झीज कोणामुळे होत असेल तर तीही आपल्यामुळेच, हा साधा हिशोब आहे.

म्हणून हे लिहायला घेतलं. जे पहिल्यांदा जाणार आहेत किंवा सहावीच्या सहलीनंतर आता स्वतःच्या पोराबाळांना घेऊन जाणार आहेत त्यांच्यासाठी. अजिंठ्यावर जास्त लिहिलंय कारण तिथं नुकसान सगळ्यात लवकर होतं आणि परत भरून येत नाही, पुढं साल्हेर आणि सातपुड्याचं पण आहे.

पहिलं काम: काय जपायचंय ते आधी समजून घ्या

युनेस्कोचा जागतिक वारसा करार १९७२ चा, आणि भारताची पहिली नावं त्या यादीत गेली १९८३ साली, त्यात ताजमहाल आणि आग्र्याच्या किल्ल्याबरोबर अजिंठा आणि वेरूळ होते. म्हणजे अख्ख्या देशातून पहिल्या चारात आपल्या शेजारचा अजिंठा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या हद्दीत यादीतलं एकही ठिकाण नाही, पण एका अंगाला अजिंठा आणि दुसऱ्या अंगाला, पिंपळनेरच्या पुढं बागलाणात, साल्हेर. साल्हेर जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून यादीत गेला. म्हणजे दोन्ही आपल्या दारातच.

आता अजिंठ्याची चित्रं. बरेच लोक म्हणतात दगडावर रंगवलंय, तसं नाहीये. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना जसा मातीचा गिलावा असायचा ना तसाच प्रकार आहे, बसाल्ट दगड छिन्नीनं मुद्दाम खडबडीत ठेवला, त्याच्यावर मातीचा जाड थर, त्यात भाताचा तूस, गवत, झाडांचे धागे, मग बारीक मातीचा पातळ थर, त्याच्यावर चुन्याचा हात आणि मग रंग. रंग पण गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि निळा तेवढा लाजवर्द नावाच्या दगडाचा, तो अफगाणिस्तानातून आलेला. हे रंग सुकलेल्या भिंतीवर डिंकासारखं काहीतरी घालून लावलेत. म्हणजे दगड पक्का, पण चित्र मातीवर आणि माती नुसती दगडाला धरून आहे. सगळ्यात जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली आणि आपण जी नावाजलेली चित्रं बघायला जातो ती बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. दीड हजार वर्षं मातीचा गिलावा उभा आहे.

पुढं जे जे "हे करू नका" लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीवरून येतं, म्हणून एवढं लांबण लावलं.

दिवस कोणता

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे लोक उलटं लक्षात ठेवतात आणि फर्दापूरपर्यंत जाऊन परत येतात, तेव्हा नीट बघून निघा.

गर्दी टाळायची असेल तर मंगळवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा शक्य असेल तर सोडाच. नोव्हेंबर ते जानेवारी हवा छान असते पण शाळांच्या सहली त्याच दिवसात, बसच्या बस उतरतात. माझ्या मते सगळ्यात चांगला काळ म्हणजे पाऊस संपता संपता, सप्टेंबर शेवट ते दिवाळीच्या आधी, डोंगर हिरवा असतो, वाघूर नदीला पाणी असतं आणि गर्दी तेवढी नसते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, तो सगळा दगड तापतो, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका.

गर्दी टाळणं फक्त आपल्या सोयीसाठी नाही. एका लेण्यात एका वेळी जितकी माणसं जास्त तितका घाम, तितकी वाफ, तितकी उष्णता. तुम्ही बुधवारी गेलात म्हणजे रविवारची माणसं तेवढी कमी झाली.

जायचं कसं, न्यायचं काय

जळगावहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या एसटीनं फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरता येतं. भुसावळहून येणारे जामनेर-पहूर करून येतात. स्वतःची गाडी असली तरी ती टी पॉइंटलाच लावायची आहे, तिथून लेण्यांपर्यंत चारेक किलोमीटर महामंडळाची बस नेते. ही व्यवस्था खाजगी गाड्यांचा धूर लेण्यांजवळ जाऊ नये म्हणून केलीय, म्हणून तिथं "आमचे साहेब आहेत, गाडी वरपर्यंत सोडा" असलं काही करू नका, मी हे होताना बघितलंय आणि गाडीत बसलेल्या लहान पोरांसमोर होताना बघितलंय.

तिकीट ऑनलाइन काढलं तर रांग वाचते, १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

सामान कमी ठेवा. पाण्याची स्टीलची बाटली घरून भरून. पायात सहज काढता-घालता येतील अशा चपला किंवा बूट, कारण चित्रांच्या लेण्यात पादत्राणं बाहेर काढावी लागतात, आणि उन्हाळ्यात दगड चटके देतो म्हणून एक जोडी मोजे. पाठीवरची मोठी सॅक नेऊ नका, हे बारीक वाटतं पण माणूस वळतो तेव्हा त्याला स्वतःच्या सॅकचा अंदाज नसतो आणि ती मागं भिंतीला घासते, गर्दीत तर हमखास. उग्र सेंट मारून जाऊ नका, त्याचं कारण पुढं सांगतो.

लेणी कोणत्या क्रमानं बघायची

वाघूर नदीनं तिथं घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय आणि त्या कड्यात ओळीनं ३० लेणी आहेत. येणारा प्रत्येक जण आधी पहिल्या लेण्यात शिरतो, मग दुसऱ्या, त्यामुळे सकाळी साडेदहानंतर तिथं नुसती झुंबड.

मी सांगतो तसं करून बघा. सकाळी ९ ला उघडतं तेव्हाच पोचला असाल तर १ आणि २ लगेच करून घ्या, मोकळी मिळतील. उशीर झाला असेल तर सरळ चालत पलीकडच्या टोकाला २६ पर्यंत जा आणि उलटं येत या. २६ मध्ये महापरिनिर्वाणाची निजलेल्या बुद्धाची मूर्ती आहे, जवळजवळ ७ मीटर लांब, खाली रडणारे शिष्य कोरलेत, तिथं निवांत बसा. १९ चं दर्शनी कोरीवकाम बाहेरूनच तासभर बघण्यासारखं. २४ अर्धवट राहिलंय, लोक ते बघतच नाहीत, पण लेणं आतून कसं कोरत गेले हे कळायला तेच सगळ्यात भारी, अर्धे कोरलेले खांब तसेच उभे आहेत. पोरांना तिथं थांबवा, त्यांना तिथं जितकं समजतं तितकं दुसरीकडं समजत नाही.

यात एक फायदा असा की तुमचा जास्त वेळ कोरीवकामाच्या लेण्यात जातो आणि चित्रांच्या लेण्यांवर, म्हणजे १, २, १६, १७, कमी भार पडतो. मोठे चैत्य, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनेची लेणी, उंच आहेत, मोकळे आहेत, तिथं माणूस रमला तरी चालतंय.

चित्रांसमोर उभं राहताना

आता मुद्द्याचं. आत गेल्यावर अंधार असतो, मंद दिवे लावलेत ते मुद्दाम मंद लावलेत. दोन मिनिटं काही न करता उभे राहा, डोळे सरावले की चित्र आपोआप दिसायला लागतं. लोकांना धीर नसतो, ते आत येतात, काही दिसत नाही म्हणून मोबाईलची टॉर्च लावतात, पहारेकरी ओरडतो, मग वादावादी. टॉर्च लावायचीच नाही. रंगाला उजेड सोसत नाही आणि तो रोज कितीतरी माणसांचा उजेड झेलतोय.

हात लावायचा नाही हे सगळ्यांना माहीत आहे तरी लावतात, मी कारण सांगतो म्हणजे पटेल. हाताला तेल असतं, घाम असतो, मीठ असतं, आणि खाली माती आहे. एका बोटानं दिसण्यासारखं काही होत नाही, पण दाराजवळच्या भिंती, खांबांचे कोपरे बघा, माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत काळे, तुळतुळीत झालेत, ते सगळं आपल्यासारख्यांच्याच हाता-खांद्यांचं आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढं, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या नावाजलेल्या चित्रापुढं, कठडा केलाय म्हणून तो वाचतोय.

जिथं गिलावा पडलाय त्याच्या कडेला नजर लावा, लांबूनच. मातीच्या थरात काडी, तूस, धागा दिसतो, पाठीमागं दगडावर छिन्नीच्या तिरप्या रेघा दिसतात, आणि त्या कडेच्या अगदी शेजारी एखाद्या बाईच्या हाताची बोटं किंवा कानातलं, रंग अजून ओला वाटावा असा. त्या दोन्हीच्या मधे बोटभर जाडीची माती आहे, बास. एकदा हे बघितलं की माणूस आपोआप दोन पावलं मागं सरकतो, पोरं पण सरकतात, त्यांना ओरडावं लागत नाही.

आणि श्वास. हे लोकांना पटत नाही पण खरं आहे. बंद लेण्यात पन्नास माणसं उभी राहिली की हवेत ओल वाढते, उष्णता वाढते, ती माणसं गेली की परत कमी होते, असं दिवसभर वर-खाली होत राहतं आणि मातीचा थर त्याच्याबरोबर फुगतो, आकसतो, शेवटी सुटतो. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे, हजारो वर्षांपूर्वीची प्राण्यांची चित्रं, १९४० ला सापडली, १९४८ ला लोकांसाठी उघडली आणि १९६३ ला कायमची बंद करावी लागली, कारण बघायला येणाऱ्यांच्या श्वासानं भिंतीवर शेवाळ धरलं. नंतर त्यांनी शेजारी हुबेहूब नकली गुहा बांधली, आता लोक ती बघतात. अजिंठ्यावर ही वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, माझ्या नातवंडांनी खरा पद्मपाणी बघावा. म्हणून चित्रांच्या लेण्यात एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, थोडाच वेळ देतात. बाहेर रांगेत दहा मिनिटं उभं राहावं लागलं तर कुरकुर करू नका, आणि आत मोठ्या ग्रुपनं घोळका करून गप्पा मारत थांबू नका, बघून बाहेर या, चर्चा बाहेर पायऱ्यांवर करा.

चांगल्या हेतूनं केलेलं पण अंगाशी येतं, याचं उदाहरण तिथंच आहे. निजामाच्या काळात १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटत चाललेला गिलावा जागेवर धरला हे मोठं काम केलं, पण चित्रांवर लाखेचं वार्निश दिलं ते पुढं पिवळं पडलं, त्याच्यावर धूळ बसली, आणि ते हळूहळू काढायचं काम पुरातत्व खात्याच्या रसायनवाल्यांना पुढं कितीतरी वर्षं करावं लागलं, तेही बोटाएवढ्या कापसानं. तिथं कोणी भिंतीपाशी शिडी लावून काम करताना दिसलं तर त्यांना प्रश्न विचारून अडवू नका.

नावं कोरण्याबद्दल एकच सांगतो. १० नंबरच्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ या तारखेसकट स्वतःचं नाव कोरलंय, ते आज आपल्या डोक्याच्या वर आहे कारण तेव्हा लेणं मातीनं, दगडगोट्यांनी भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. दोनशे वर्षं झाली, पुसता आलेलं नाही. आत्ताच्या कायद्यानं संरक्षित स्मारक खराब केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

फोटो, रील

फ्लॅश बंद, आधीच बंद करून ठेवा, आत जाऊन सेटिंग शोधत बसू नका कारण तेवढ्यात एकदा उडतोच. स्टँड लावायचा असेल तर परवानगी लागते. ड्रोन परवानगीशिवाय अजिबात नाही.

आत फोटो कमीच काढा असं माझं मत आहे. त्या उजेडात मोबाईलचा फोटो चांगला येत पण नाही, आणि चित्रांचे उत्तम फोटो पुस्तकात, नेटवर भरपूर आहेत. रील करायची तर बाहेर, वळणावर, समोरच्या डोंगरावर व्ह्यू पॉइंट आहे तिथून करा, पूर्ण नाल एका नजरेत दिसतो. मूर्तीच्या मांडीवर बसून, मूर्तीसारखी पोझ देऊन काढलेले फोटो टाकू नका, तो कोणाचा तरी देव आहे.

जाता जाता एक आपल्या भुसावळची गोष्ट. रॉबर्ट गिल नावाचा लष्करातला चित्रकार १८४४ पासून पुढं वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला करत होता, त्या मोठ्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. त्यानं भिंतीवर जे बघितलं त्यातलं बरंच आज भिंतीवर पण नाही. तो गिल भुसावळला पुरलेला आहे, आणि भुसावळच्या कितीतरी लोकांना ते माहीत नसतं.

नदी, माकडं, मोहोळ

लेण्यांखालून वाहते ती वाघूर. हीच वाघूर पुढं उत्तरेला येते, तिच्यावर वाघूर धरण आहे आणि जळगाव शहर त्या धरणाचं पाणी पितं. म्हणजे जळगावकरानं लेण्यात बसून वेफरचं पाकीट खाली नदीत सोडलं तर ते स्वतःच्या नळाकडेच सोडलंय. आपल्या गाडीत एक कापडी पिशवी कचऱ्यासाठी ठेवा आणि सगळं, केळीची सालं धरून सगळं, घरी परत आणा. तिथल्या कचराकुंडीत टाकलेलं पण माकडं उपसतात.

माकडांना खायला द्यायचं नाही. काळ्या तोंडाची वानरं आहेत, झाडपाला खाणारी, त्यांना बिस्किटं-चिप्सची चटक लागली की ती पिशव्या ओढतात, पोरांच्या अंगावर येतात, आणि मग लोकच त्यांना दगड मारतात.

कड्याला आग्या मोहोळं असतात. सेंट, अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड फेकणं यातलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. मोहोळ उठलं तर हातवारे न करता तोंड झाकून लेण्यांपासून लांब निघून जायचं.

पैसे कुठं खर्च करायचे

जबाबदारीनं फिरणं म्हणजे नुसतं "हे करू नका, ते करू नका" नाही. ज्या गावांच्या शेजारी हे आहे त्यांच्या घरात चार पैसे गेले पाहिजेत, तरच ते गाव त्याची राखण करतं. गाईड घ्या, अधिकृत ओळखपत्र असलेला. चार-सहा जणात वाटून घेतला तर जड जात नाही आणि जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, समजल्याशिवाय १७ नंबरमध्ये नुसते रंग दिसतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली असते, त्या माणसांशी भाव करताना घासाघीस करू नका, खांद्यावर माणूस न्यायचा आहे त्यांना.

फर्दापूरला दुकानात रंगीत स्फटिकांचे दगड विकतात, घ्यायचे तर दुकानातून पावतीनं घ्या, लेण्यातला, नदीतला दगड उचलून आणू नका. आणि कोणी कोपऱ्यात नेऊन "जुनी मूर्ती आहे, जुनं नाणं आहे" म्हणालं तर तिथूनच निघायचं, खरं असेल तर तो गुन्हा आहे आणि खोटं असेल तर फसवणूक.

जेवण येता-जाता गावातल्या छोट्या ठिकाणी करा. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी मिळत असताना पाकिटातलं काय खायचं.

साल्हेरला जाणाऱ्यांसाठी

धुळ्याहून साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद करून जायचं. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे, प्रतापराव गुजर यांनी याच्या पायथ्याशी मोकळ्या मैदानात मोगलांना हरवलं. यादीत नाव गेल्यापासून गर्दी वाढणार हे उघड आहे.

पायथ्याच्या साल्हेर किंवा वाघांबे गावातून वाटाड्या घ्या, जेवणाचं एक दिवस आधी फोनवर सांगून ठेवा म्हणजे त्यांचं पण धान्य वाया जात नाही. पायवाट सोडून शॉर्टकट मारू नका, त्या शॉर्टकटची पुढच्या पावसाळ्यात घळ होते. दगडी पायऱ्या, दरवाजे, टाक्या हाच तर वारसा आहे, टाक्यात उतरून अंघोळ करायची नाही, साबण तर नाहीच, वरचे लोक तेच पाणी पितात. डिसेंबरनंतर गवत वाळतं तेव्हा शेकोटी आणि सिगारेट दोन्ही बंद, एक ठिणगी आणि अख्खा डोंगर जातो, पक्ष्यांची घरटी, सरडे, सगळं. वर मुक्काम करायचा असेल तर आधी परवानगीचं विचारून घ्या. भगवे झेंडे, घोषणा, ठीक आहे, पण दगडावर ऑइलपेंटनं मंडळाचं नाव लिहिणं ही महाराजांची सेवा नाही हे आपल्या पोरांना सांगायला मागंपुढं बघू नका.

पाटणादेवी आणि सातपुडा

ही ठिकाणं युनेस्कोच्या यादीत नाहीत, पण मला वाटतं सवय इथं लावायची, म्हणजे मोठ्या ठिकाणी आपोआप पाळली जाते. चाळीसगावजवळचं पाटणादेवी गौताळा अभयारण्यात आहे, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला त्याचा शिलालेख तिथं आहे. पण आपण तिथं जातो आणि गाडीचे चारी दरवाजे उघडून गाणी लावतो. अभयारण्य म्हणजे बिबट्याचं घर, आवाज बंद, गाडी हळू, आणि संध्याकाळी वेळेत बाहेर. यावल अभयारण्य, पाल, तोरणमाळ, सगळीकडे हेच. तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी थर्माकोलच्या प्लेटा बघून वाईट वाटतं, स्टीलच्या ताटल्या घेऊन गेलं तर काय जातं.

नंदुरबारकडे होळीला जाणाऱ्यांनी थोडं जास्त लक्ष द्या. काठी गावची राजवाडी होळी बघायला आता लांबून कॅमेरेवाले येतात. अंगावर रंग, कमरेला घुंगरू आणि भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले जे नाचतात ना त्यांनी कित्येक दिवस पाळणी पाळलेली असते, व्रत असतं ते. त्यांना थांबवून, ओढून "एक सेल्फी" करू नका. विचारा, हो म्हणाले तर काढा, नाही म्हणाले तर राम राम करून पुढं जा. बायकांचे, लहान मुलांचे फोटो न विचारता काढायचेच नाहीत. दारू पिऊन जाणाऱ्या टोळक्यात तुम्ही असू नका. सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला जाणाऱ्यांनी पण वर चढताना नेलेलं प्लास्टिक खाली आणायचं.

गुरुजी-मॅडमसाठी थोडं

सहल काढत असाल तर दोनशे पोरं एकदम आत सोडू नका, वीस-वीसच्या टोळ्या करा, प्रत्येक टोळीला एक मोठं माणूस, अर्ध्या टोळ्या २६ कडून, अर्ध्या १ कडून. आदल्या दिवशी वर्गात गिलाव्याची गोष्ट सांगा, जमलं तर माती, तूस, चुना घेऊन एका पाटीवर पोरांकडूनच थर द्यायला लावा, वाळू द्या आणि मग बोटानं दाबायला सांगा. कसा सुटतो ते त्यांना स्वतःच्या हातानं कळतं.

काही चुकीचं होताना दिसलं तर

कोणी कोरतंय, टॉर्च मारतंय, मूर्तीवर चढतंय असं दिसलं तर आधी शांतपणे "भाऊ, खाली मातीचा थर आहे, सुटेल" एवढं सांगा, बहुतेक लोक ऐकतात, त्यांना खरंच माहीत नसतं. नाही ऐकलं तर भांडू नका, लेण्याच्या दारातल्या पहारेकऱ्याला सांगा, आणि तो दिसला नाही तर तिकीट खिडकीवर लेणं नंबर आणि वेळ सांगून तक्रार द्या. गिलाव्याचा तुकडा खाली पडलेला दिसला तर तो उचलायचा नाही, खिशात तर नाहीच, जागेवर राहू द्या आणि पहारेकऱ्याला दाखवा, कारण तो कुठून पडला हे जागेवरूनच कळतं आणि पुरातत्व खात्याचे लोक तो परत बसवू शकतात.